गणित आणि संख्याशास्त्र : अपेक्षा काय, गुण कशाला?

बारामती, प्रतिनिधी : दहावीचा निकाल हाती पडला की वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. गणित घ्यायचे की एसपी? बारामती, इंदापूरच्या घराघरांत दर जून महिन्यात ही चर्चा रंगते. 'एसपी' म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय पाठांतरावर निघतो आणि गणितात टक्केवारी घसरते, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र ज्याला गणित म्हणून टाळले जाते, त्या विषयाचे पूर्ण नाव 'गणित आणि संख्याशास्त्र' असे आहे. त्यातील संख्याशास्त्राचा भाग नेमका काय आहे व त्याचे गुण कसे मिळतात, हे जाणून घेऊनच निर्णय करणे हिताचे ठरेल.

पाया नववी-दहावीत

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात नववी व दहावी या दोन्ही इयत्तांच्या बीजगणितात 'सांख्यिकी' हे प्रकरण आहे. दहावीत वर्गीकृत सामग्रीवरून मध्य, मध्यक व बहुलक काढणे, आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख काढणे अपेक्षित असते. बीजगणित व भूमिती यांच्या लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांच्या, तर अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते.

पुढे वाटा वेगळ्या होतात. विज्ञान शाखेच्या बारावीत संख्याशास्त्राचा वाटा मुख्यतः संभाव्यता वितरण व द्विपद वितरण एवढाच आहे. वाणिज्य शाखेत तो बराच मोठा आहे. अकरावीत अपस्करण, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे मोजमाप, तसेच सहसंबंध व संभाव्यता शिकवली जाते. २०२०-२१ पासून लागू झालेल्या बारावीच्या पुस्तकात समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक व संभाव्यता वितरणे ही प्रकरणे आहेत.

शेतातले संख्याशास्त्र

हे विषय वाटतात तितके परके नाहीत. उजनी धरणाचा वर्षानुवर्षांचा पाणीसाठा ही कालश्रेणीच होय. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी साखर उताऱ्याची चौकशी करतो, तेव्हा तो सरासरीचीच चौकशी करत असतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर या उताऱ्याशी बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला.

समजा, एके दिवशी सहा हजार टन उसाला १० टक्के व दुसऱ्या दिवशी चार हजार टनाला १२ टक्के उतारा मिळाला. दोन दिवसांची सरासरी किती? घाईत ११ असे उत्तर येते. प्रत्यक्षात साखर ६०० अधिक ४८०, म्हणजे १०८० टन झाली आणि ऊस दहा हजार टन गाळला गेला. म्हणून सरासरी उतारा १०.८ टक्के. दहावीच्या वारंवारता सारणीत प्रत्येक वर्गमध्याला वारंवारतेने का गुणायचे, याचे उत्तर याच हिशेबात आहे. ही पायरी सूत्र म्हणून पाठ करणारा विद्यार्थी प्रश्नाची भाषा बदलताच अडखळतो.

पायरीला गुण

बारावीला लेखी परीक्षा ८० गुणांची व तीन तासांची असते. उरलेले २० गुण महाविद्यालयीन स्तरावरील मूल्यमापनाचे. लघुगणक सारणी वापरता येते, गणकयंत्र नाही. त्यामुळे आकडेमोडीचा सराव हाच खरा आधार. उत्तरपत्रिका तपासताना केवळ अखेरचे उत्तर न पाहता पायरीनिहाय गुण दिले जातात. सारणी नीट मांडली, सूत्र लिहिले, किमती योग्य ठिकाणी भरल्या, तर शेवटच्या बेरजेत चूक होऊनही बरेचसे गुण हाती राहतात. उलट, नुसते उत्तर लिहिणारा हक्काचे गुण गमावतो. आलेखाच्या प्रश्नात अक्षांची नावे व प्रमाण लिहिण्यास विसरू नये.

उत्तीर्णतेसाठी विषयात ३५ गुण लागतात. एकूण निकालात ४५ टक्क्यांपासून द्वितीय श्रेणी, ६० पासून प्रथम श्रेणी आणि ७५ व त्यापुढे प्रथम श्रेणी विशेष प्राविण्यासह, अशी वर्गवारी आहे. गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास मात्र आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते.

टक्केवारीचा अर्थ

निकालाची टक्केवारी वाचणे हाही संख्याशास्त्राचाच धडा आहे. बारावीचा राज्याचा निकाल २०२० मध्ये ९०.६६ टक्के होता. २०२१ मध्ये तो ९९.६३ टक्क्यांवर गेला आणि २०२२ मध्ये ९४.२२ टक्के झाला. एका वर्षात मुले एकाएकी हुशार झाली असे नव्हे. कोरोनामुळे २०२१ ची लेखी परीक्षा रद्द झाली आणि दहावीच्या गुणांना ३०, अकरावीच्या ३० व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला. मोजण्याची पद्धत बदलली, म्हणून आकडा बदलला. २०२५ चा निकाल ९१.८८ टक्के होता.

निर्णय कशावर?

पदवीला संख्याशास्त्र घ्यायचे असेल तर बारावीचे गणित सहसा आवश्यक ठरते. त्यासाठी घर सोडावे लागतेच असे नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात हा विषय पदव्युत्तर स्तरापर्यंत शिकवला जातो. बँका, विमा, बाजार संशोधन व सरकारी सांख्यिकी सेवा येथे या विषयाला मागणी आहे. टक्केवारीत चार-पाच गुणांची घट होईल या भीतीने पंधरा-सोळाव्या वर्षी हा विषय सोडला, तर यातील बरेच मार्ग अवघड होतात. अर्ज भरण्यापूर्वी वाणिज्यच्या पुस्तकातील निर्देशांकाचे एक प्रकरण पालक व मुलांनी मिळून चाळावे. जमेल की नाही, याचा अंदाज ऐकीव गोष्टींपेक्षा त्यातून अधिक चांगला येईल.