घाटघर (ता. जुन्नर, जि. पुणे) : घाटमाथ्यावरील शिखरे व पदभ्रमण

घाटघर हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या ऐन धारेला टेकलेले गाव. जुन्नरहून आपटाळे, चावंड अशी वाट धरून सुमारे 30 कि.मी. गेले की दख्खनचे पठार संपते, आणि ते संपता संपता घाटघर लागते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याजवळ याच नावाचे दुसरे गाव आहे. जलविद्युत प्रकल्पामुळे त्याचे नाव अधिक झाले आणि नवख्यांची गफलत होते. जुन्नरच्या घाटघरच्या डोक्यावर जीवधन किल्ला उभा आहे, जीवधनच्या अंगाला लागून वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी हा सुळका आहे आणि काही किलोमीटरवर नाणेघाटाची खिंड आहे. डोंगरभटक्यांच्या लेखी घाटघर म्हणजे जीवधनच्या पायथ्याचे गाव, बस थांबते ती जागा. ही ओळख खोटी नाही, पण तोकडी आहे. इथल्या शिखरांना जे महत्त्व आले ते उंचीमुळे आलेले नाही. ते घाटामुळे आले. घाट वजा केला तर जीवधन हा जुन्नरच्या अनेक डोंगरांपैकी एक डोंगर उरतो.

उंचीचाच हिशेब मांडला तर हे लगेच ध्यानात येते. जीवधन समुद्रसपाटीपासून सुमारे 1,145 मीटर उंच. गावापासून माथ्यापर्यंतचा चढ जेमतेम साडेतीनशे-चारशे मीटरांचा. शेजारचा ढाकोबा त्याच्याहून उंच आहे, आणि उत्तरेला दिसणारा हरिश्चंद्रगड तर दोघांनाही मागे टाकतो. दक्षिण इटलीतल्या पोलिनो राष्ट्रीय उद्यानाशी तुलना केली तर फरक आणखी उघड होतो. 1993 साली स्थापन झालेल्या त्या उद्यानात सेर्रा दोल्चेदोर्मे 2,267 मीटरांचे आणि माँते पोलिनो 2,248 मीटरांचे. तिथे माणूस चढतो तो शिखरासाठी, आणि वर पोचल्यावर झंझावाताने पिळवटलेले, शतकानुशतके तग धरलेले पाइन वृक्ष पाहतो. त्यातल्या एकाचे वय 2018 साली 1,230 वर्षे ठरवण्यात आले. घाटघरला असा माथ्यावरचा ठेवा नाही. इथले सगळे वैभव काठावर आहे. बेसॉल्टच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे पठार तयार झाले. त्याची पश्चिम बाजू झिजत, तुटत गेली आणि कोकणाकडे सरळ उतरणारा कडा उघडा पडला. त्यामुळे पूर्वेकडून पाहणाऱ्याला जीवधन एक सपाट डोक्याचा, जरा उंच डोंगर वाटतो. वैशाखरेकडून, म्हणजे मुरबाड तालुक्यातून, वर पाहणाऱ्याला मात्र तीच रांग आभाळाला भिडलेली भिंत वाटते. ही भिंत ओलांडायला जी मोजकी खिंडारे आहेत त्यातले एक नाणेघाट. काठावरच्या पावसाचेही दोन वाटे होतात. पूर्वेला वळलेले पाणी कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा असे बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेला पडलेले उल्हास खोऱ्यातून अरबी समुद्र गाठते.

घाट आधी, शिखर मागाहून, याचा सर्वांत भक्कम पुरावा खिंडीच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात आहे. या लेण्यात बुद्धमूर्ती नाही, स्तूप नाही, भिक्षूंच्या शय्याही नाहीत. डावी-उजवी भिंत भरून ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि त्यात दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे (नाणी) यांचे आकडे त्यात आहेत. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या साक्षींमध्ये हे आकडे गणले जातात, आणि 24,400 सारखी मोठी संख्याही त्यात येते. समोरच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज पाहायला गेले तर मूर्ती नाहीत, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर मात्र नावे वाचता येतात : सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर, काही कुमार. कर्नल साइक्सने 1828 च्या सुमारास या लेण्याची नोंद विद्वानांपुढे आणली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेखाचा अर्थ लावला. लेखाचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स.पू. पहिल्या शतकात धरतात, काही त्याच्याही मागे नेतात. प्रश्न असा की राजघराण्याने आपली वंशावळ आणि दानाचा हिशेब राजधानीत न कोरता इतक्या आडबाजूला, डोंगराच्या कडेवर का कोरला? कारण ती जागा तेव्हा आडबाजूची नव्हती. कल्याण, सोपारा या बंदरांतून निघालेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात होता. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे येईल अशी याहून चांगली भिंत राजाला मिळाली नसती.

इथे एक सावधगिरी हवी. लेण्याच्या वर, खिंडीच्या माथ्याशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सर्रास सांगितले जाते, आणि तेथील फलकांपासून शाळेच्या सहलींपर्यंत सगळीकडे ते ठाम सत्य म्हणून फिरते. लेखात जकातीचा उल्लेख नाही. घाटवाटेवर पाण्याची टाकी जागोजाग खोदलेली आहेत, तेव्हा रांजण पाण्यासाठी असण्याची शक्यताही धरायला हवी. या शंकेने मूळ मुद्दा मात्र ढळत नाही. जकात असो वा पाणी, दोन्ही वाटसरूंसाठी आणि वाटसरूंकडून. डोंगर चढून देवदर्शनाला जाणाऱ्यासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

जीवधनकडे याच नजरेने पाहावे. किल्ल्याला दोन प्रवेश : पूर्वेचा जुन्नर दरवाजा आणि पश्चिमेचा कल्याण दरवाजा. एका डोंगराला देशाचे एक आणि बंदराचे एक अशी दोन दारे असावीत, आणि ती त्या त्या बाजारपेठांच्या नावाने ओळखली जावीत, हेच त्याचे काम काय होते ते सांगते. माथ्यावर जीवाई देवीचे ठाणे आहे, पाण्याची खोदीव टाकी आहेत आणि धान्याचे दगडी कोठार आहे, ज्यावर गजलक्ष्मी कोरलेली आहे. कोठारातल्या काळ्या राखेला इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या युद्धात जळालेले धान्य म्हणण्याची रीत आहे.

यावर आक्षेप येतो तो असा : किल्ला घाटावर नजर ठेवायचा म्हणावे, तर त्याच्या नावावर घाटातली एकही मोठी लढाई का नाही? निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस जुन्नर परिसरातले किल्ले घेतले त्यात जीवधन होता. निजामशाहीच्या शेवटच्या काळात इथे कैदेत असलेल्या मूर्तजा या बालवारसाला शहाजीराजांनी सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले, असे बखरी-इतिहास सांगतात. म्हणजे जीवधन तुरुंग आणि कोठार म्हणून जास्त, पहारेकरी म्हणून कमी दिसतो. आक्षेपात तथ्य आहे. पण कोठार भरते ते वाटेवर, आणि राजपुत्र ठेवला जातो तो अशा ठिकाणी की जिथून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दोन दिवस आधी दिसतो. शिवाय घाटाच्या पहाऱ्याचे यश लढाईत मोजता येत नाही. चौकी असल्यामुळे जो हल्ला झालाच नाही तो बखरीत उतरत नाही. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर वाटा सुरुंग लावून उडवल्या. त्यांनी हे सह्याद्रीतल्या बऱ्याच किल्ल्यांचे केले, म्हणून त्यातून जीवधनबद्दल वेगळा निष्कर्ष काढणे जरा धाडसाचे. एवढे खरे की आज कल्याण दरवाजाच्या वाटेने चढणाऱ्याला मध्येच तुटलेल्या पायऱ्या आणि गुळगुळीत कातळ लागतो, तो त्या सुरुंगांचा वारसा मानला जातो.

घाटाचे दिवस संपवले ते तोफांनी नाही, रस्त्यांनी. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली आणि पुढे माळशेजच्या मोटाररस्त्याने उरलीसुरली वर्दळही उचलून नेली. जुन्नर पेठ आडवाटेला पडली; तिच्याही मागे असलेले घाटघर तर नकाशाच्या कडेला गेले. इथे महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरे, नाचणी आणि वरई पिकवतो. हंगामात हिरड्याची कोवळी फळे झोडून, काळी पडेपर्यंत उन्हात वाळवून बाळहिरडा म्हणून विकतो. जंगल म्हणजे काय, याचा या गावाचा हिशेब पाहुण्याच्या हिशेबाहून वेगळा आहे : ज्या झाडाखाली पाहुणा तंबू ठोकतो ते झाड कुणाच्या तरी वर्षाच्या मिठामिरचीची सोय असते.

आज घाटघरला गर्दी होते ती पावसाळ्यात, आणि तीही बहुतांशी नाणेघाटाच्या कड्यावर. कोकणातून वर येणारा वारा खिंडीत कोंडतो, त्याचा जोर वाढतो आणि कड्यावरून सुटलेले पाणी खाली पडण्याऐवजी तुषार होऊन उलटे पठारावर फेकले जाते. या उलट्या धबधब्याला चमत्कार म्हणतात. खरे तर जी चिंचोळी फट बैलांच्या तांड्याला वर येऊ देत होती तीच वाऱ्यालाही येऊ देते. नुसते निसर्गसौंदर्य पाहायला आलेला पर्यटकसुद्धा अशा रीतीने घाटाचेच काम पाहत असतो. खिंडीशेजारचा नानाचा अंगठा हा उंचवटा छायाचित्रांत ठळक येतो, चढायला सोपा. वाऱ्यात मात्र त्याच्या टोकापासून चार पावले मागे राहिलेले बरे. वानरलिंगीची गोष्ट निराळी. साडेतीनशे फुटांहून उंच असा तो कातळस्तंभ दोरासामग्री आणि प्रशिक्षण असलेल्या प्रस्तरारोहकांचा आहे; बाकीच्यांनी तो जीवधनच्या पश्चिम कड्यावरून पाहावा.

या टापूला राष्ट्रीय उद्यान करून वाटा आखाव्यात, फलक लावावेत, प्रवेशशुल्क घ्यावे, अशी सूचना सहज सुचण्याजोगी आहे. सध्या घाटघर कोणत्याही राष्ट्रीय उद्यानात वा अभयारण्यात नाही. दक्षिणेला भीमाशंकर आणि उत्तरेला कळसूबाई–हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत, मधला हा पट्टा दोन्हींच्या बाहेर. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारसा झाली, महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी निवडली गेली. 2025 मध्ये मराठा लष्करी वास्तूंच्या वारसायादीत शिवनेरी आला, जीवधन आला नाही. 2018 मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, तो मात्र घाटघरलाही लागू होतो. उद्यानाची सूचना चांगल्या हेतूची असली तरी इथे ती जशीच्या तशी बसत नाही. उद्यान शिखर आणि जंगल राखायला सीमा आखते. इथे राखायची आहे ती वाट, आणि वाट सीमेच्या दोन्ही बाजूंना असते. वैशाखरेकडचा अर्धा घाट ठाणे जिल्ह्यात, वरचा पुण्यात. मधली खाचरे आणि हिरड्याची झाडे गावकऱ्यांची रोजीरोटी. त्यांना कुंपणाबाहेर ठेवून केलेले संवर्धन घाटाचे संवर्धन होणार नाही. इटलीत गिर्यारोहकांच्या जुन्या संघटनेने डोंगरवाटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा रंगवल्या आहेत. तेवढाच भाग घ्यायचा असेल तर नाणेघाटाच्या पठारावरून जीवधनकडे जाणाऱ्या रानात त्याची गरज आहे, कारण तिथे ढोरवाटा एकमेकींत मिसळतात आणि कल्याण दरवाजाची वाट हमखास चुकते.

पदभ्रमणासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. अनुभवी माणसाने वैशाखरेहून नाणेघाट चढून यावे, लेणे पाहावे, पठार ओलांडून कल्याण दरवाजाने जीवधनवर जावे आणि जुन्नर दरवाजाच्या खोदीव पायऱ्यांनी घाटघरला उतरावे. व्यापारी तांड्याचा क्रम हाच होता, फक्त तांडे किल्ल्याला वळसा घालून जात. पावसाळ्यात कल्याण दरवाजाचा ओला कातळ टाळावा आणि चढ-उतार दोन्ही घाटघरच्याच बाजूने करावा. गावात आगाऊ सांगितल्यास पिठलं-भाकरी आणि वाटाड्या, दोन्हींची सोय होते.