बोरघाटाच्या माथ्यावरील गांव

कोंकणांतून देशावर चढणारी बोरघाटाची वाट फार जुनी. तिच्या माथ्यावरील खंडाळा गांवाचें दैव ह्या वाटेशींच बांधलेलें आहे. समोर राजमाचीचा किल्ला, शेजारीं नागफणीचा सुळका आणि खालीं उल्हास नदीचें खोरें. आषाढांत दरी धुक्यानें भरते व कड्याकड्यावरून पाणी कोसळूं लागतें.

पूर्वीं येथून ओझ्याचे बैल चालत. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत गाडीरस्ता खुला झाला आणि घाट चढून दमलेल्या गाड्या खंडाळ्यास विसावूं लागल्या. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली. परंतु तो लोहमार्ग खोदतांना हजारों मजूर पटकीनें व अपघातांनीं मेले. त्यांचीं नांवें आज कोणाच्याही ओठीं नाहींत.

घाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. ह्या धनगरानें इंग्रजांस वाट दाखविली व मोबदल्यांत प्राण गमावले, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, वाटेसाठीं खपलेल्यांची आठवण लोकांनीं तिच्यांत जतन केली. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाल्यापासून बहुतेक वाहनें बोगद्यांतून न थांबतां निघून जातात. जुन्या रस्त्यानें जाणारा चालक मात्र अजूनही देवळाशीं नाणें वाहतो. तें नाणें माल्कमसाहेबांसाठीं नसतें.