जखमी नीलगाय, बादशहा आणि एक अनाम प्यादा

जहांगीर म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक अनारकली आणि दुसरी न्यायाची घंटा. अनारकलीची गोष्ट नाटक-सिनेमांनी मोठी केली. घंटेची नोंद मात्र बादशहाने स्वतःच 'तुझुक-ए-जहांगीरी' या आपल्या आत्मचरित्रात केली आहे. १६०५ साली गादीवर आल्यावर त्याचा पहिला हुकूम होता तो सोन्याची साखळी बांधण्याचा. तीस गज लांबीची, साठ घंटा लावलेली ही साखळी आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनाकाठच्या दगडी खांबापर्यंत होती. ज्याला न्याय मिळाला नाही त्याने ती ओढावी, म्हणजे बादशहाला कळेल.

आज मला या साखळीबद्दल लिहायचं नाही, त्याच आत्मचरित्रातल्या शिकारीबद्दल लिहायचं आहे. मुघलांच्या शिकारीचा विषय निघाला की एक बाजू त्यांना ऐषारामी ठरवते आणि दुसरी बाजू शूर. दोन्ही बाजू गोळी सुटण्याच्या क्षणापाशी थांबतात. गोळी सुटल्यावर काय होतं? जनावर जागीच पडलं नाही, जखमी होऊन झाडीत शिरलं, तर त्याच्यामागे कोणी जायचं, किती जायचं आणि का जायचं? हा प्रश्न शिकारीइतकाच जुना आहे. इस्लामी धर्मशास्त्राने, म्हणजे फिकहने, त्याचा फार बारकाईने विचार केला आहे.

लहानपणी हातिमताईच्या गोष्टी वाचलेल्यांना त्या दानशूर माणसाचं नाव ठाऊक असेल. तो अरबस्तानातल्या तय्यी टोळीचा सरदार. त्याचा मुलगा अदी हा प्रेषितांचा सहकारी झाला. अदी इब्न हातिम पट्टीचा शिकारी होता. त्याची टोळी कुत्रे आणि तीरकमठा घेऊन शिकार करायची. साहजिकच त्याने प्रेषितांना विचारलेले प्रश्नही शिकाऱ्याचे होते, आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत ते आले आहेत. त्यातला एक प्रश्न आपल्या विषयाचा. बाण लागला, जनावर पळालं, एक-दोन दिवसांनी मेलेलं सापडलं, तर ते खावं का? उत्तराचा आशय असा, की अंगावर तुझ्याच बाणाची खूण असेल, दुसरी नसेल, तर खायला हरकत नाही. पण ते पाण्यात बुडालेलं सापडलं तर खाऊ नकोस. ते बाणाने मेलं की पाण्याने, हे तुला कसं कळणार?

पुढे हनफी पंथाच्या विद्वानांनी यावर एक अट घातली. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या 'हिदाया' या ग्रंथात ती येते. हा ग्रंथ हिंदुस्थानातल्या मदरशांत शतकानुशतकं शिकवला गेला आणि १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टनने त्याचं इंग्रजी भाषांतरही केलं. अट अशी, की जखमी जनावर नजरेआड झाल्यावर शिकारी त्याचा शोध घेत राहिला आणि ते मेलेलं सापडलं, तर ते हलाल. पण शिकारी शोध सोडून बसला आणि नंतर ते मेलेलं मिळालं, तर ते खाता येणार नाही. बाण तोच, जखम तीच, जनावरही तेच. फरक फक्त एवढाच, की माणूस चालत राहिला की बसला.

शास्त्रकार याचं कारण शंकेचं देतात. मधल्या वेळात जनावर दुसऱ्या कशाने मेलं असेल, ही शंका राहतेच. जो शोधात आहे त्याला ती शंका माफ आहे, कारण ती टाळणं त्याच्या हातात नव्हतं. जो बसला त्याला ती माफी नाही. शिवाय जनावर जिवंत सापडलं तर त्याला जिबह करणं, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरवणं, बंधनकारक आहे. मला यात आणखी एक अर्थ दिसतो. बाण सोडला तेव्हाच तू त्या जिवाचा देणेकरी झालास. तडफडत पडलेल्या जिवापर्यंत पोचणं हे आता तुझं काम आहे. ते टाळलंस तर त्याच्या मांसावर तुझा हक्क नाही.

माग काढणारे लोक याच गोष्टी वेगळ्या भाषेत सांगतात. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसाला लागली, जनावर लांब जाणार नाही. रक्त काळपट असेल तर काळजाला, म्हणजे यकृताला, लागली. रक्तात हिरवट चोथा असेल तर पोटाला लागली, आणि ही सगळ्यात वाईट. असं जनावर तासन्‌तास जगतं. त्याच्यामागे लगेच धावलं तर ते उठून मैलभर पळतं आणि मग कधीच सापडत नाही. म्हणून जाणता शिकारी आधी गोळी लागली ती जागा पक्की करतो, थोडा वेळ दम धरतो आणि मग गवताच्या पात्यांवरचे थेंब बघत निघतो. थेंब हरवला की शेवटच्या थेंबापाशी खूण ठेवून भोवती घिरट्या घालतो. माझ्या समजुतीप्रमाणे हा दम धरणं म्हणजे 'बसणं' नव्हे, तो शोधाचाच भाग आहे. बसणं म्हणजे मनातून ते जनावर सोडून देणं.

आता जहांगीरकडे येऊ. त्याच्या शिकारीचा हिशेब थक्क करणारा आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून कारकिर्दीच्या अकराव्या वर्षाच्या अखेरपर्यंत, त्याच्या समोर २८,५३२ जनावरं मारली गेली. त्यातली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. हा आकडा कोणा टीकाकाराचा नाही, बादशहाने हिशेबनीसांकडून काढून घेऊन स्वतःच नोंदवलेला आहे. हे वाचून आज कोणालाही बरं वाटणार नाही, आणि वाटूही नये.

पण याच पुस्तकात १६१० च्या सुमारासची एक नोंद आहे. एका नीलगाईला, म्हणजे विदर्भातले शेतकरी जिला रोही म्हणतात तिला, बादशहाच्या गोळ्या आधी लागल्या होत्या. पण जखमा वर्मी नव्हत्या, आणि ती निसटली होती. पुढे एके दिवशी ती पुन्हा दिसली. शिकारीची टेहळणी करणाऱ्या करावलाने तिला ओळखलं, की दोनदा जखमी होऊन गेलेली ती हीच. बादशहाने त्या दिवशी पुन्हा तीन गोळ्या झाडल्या. ती पडेना. मग हा हिंदुस्थानचा पातशहा पायी तिच्यामागे निघाला. कोस मागे पडत गेले तरी ती हाती लागेना, तेव्हा त्याने नवस केला, की ही पडली तर हिचं मांस शिजवून ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या नावाने गोरगरिबांना खाऊ घालीन. थोड्या वेळाने ती थकून थांबली. बादशहा धावत पोचला आणि तिथल्या तिथे तिला जिबह करण्याचा हुकूम दिला. मग नवसाप्रमाणे मांस शिजवून भुकेल्यांना आपल्या समोर वाटलं.

इथे बंदुकीचाही एक मुद्दा आहे. बाण धारेने कापतो, गोळी आघाताने मारते. म्हणून हनफी परंपरेतल्या बहुतेक विद्वानांच्या मते गोळीने मेलेलं जनावर जिबहशिवाय हलाल होत नाही. हे मत धरलं तर बंदूक आल्यामुळे जनावरामागे धावणं आणखी गरजेचं झालं. ते जिवंत असताना पोचायलाच हवं.

ही गोष्ट सांगून मी इथेच थांबलो असतो तर ती फार गोड झाली असती. पण त्याच सुमाराची दुसरी नोंदही त्याच पुस्तकात आहे. बादशहा एका नीलगाईच्या टप्प्यात आला होता. इतक्यात एक जिलौदार, म्हणजे घोड्यापुढे चालणारा नोकर, आणि दोन कहार अचानक समोर आले. नीलगाय पळाली. बादशहा संतापला. जिलौदाराला जागीच ठार करण्याचा आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडून, गाढवावर बसवून छावणीभर फिरवण्याचा हुकूम त्याने दिला. हेही त्याने स्वतःच लिहिलं आहे, काही न लपवता, जणू रोजच्या कारभारातली बाब असावी तसं. ज्या हाताने जखमी नीलगाईचं मांस गरिबांना वाढलं त्याच हाताने एका गरिबाला मारलं. मुघलांचं कौतुक करणाऱ्या आपल्यातल्या लोकांनी ही नोंद गिळून टाकू नये. आणि त्यांचा द्वेष करणाऱ्यांनी पहिली नोंद गिळू नये. इतिहास दोन्ही पानांचा मिळून होतो.

पन्नाशीनंतर आपण बंदुकीने किंवा बाणाने कोणत्याही जिवाला मारणार नाही, असा संकल्प जहांगीरने केला होता. लाडका नातू शुजा खूप आजारी पडला तेव्हा त्याचा जीव वाचावा म्हणून त्याला या संकल्पाची आठवण झाली, आणि त्याने शिकार सोडली. मात्र हे व्रत शेवटपर्यंत टिकलं नाही.

आणि मग येतं १६२७ साल. बादशहा दम्याने खंगला होता. काश्मीरहून लाहोरला परतताना पीर पंजालच्या डोंगरात बैरामकला इथे मुक्काम पडला. हे आजच्या पूंछ जिल्ह्यातलं बहरामगल्ला. दरबारी इतिहासकार मुतमद खानाने 'इक्बालनामा-ए-जहांगीरी'त इथला प्रसंग लिहून ठेवला आहे. डोंगराच्या पायथ्याशी बादशहासाठी बसायची जागा केली होती. हाकारे हरणांना वर कड्यावर आणत, बादशहा खालून गोळी झाडी आणि हरीण गडगडत खाली येई. सहज सांगतो, उंचावरून पडून मेलेलं जनावर कुरआनने निषिद्ध केलं आहे, आणि खडकावरून खडकावर गडगडत आलेल्या शिकारीबद्दल 'हिदाया'चंही तेच म्हणणं आहे. ज्या शिकारीत शिकारी जागचा हलत नाही, तिच्यात हलाल-हरामचा प्रश्नही असा अवघड होऊन बसतो.

त्या मुलुखातल्या एका प्याद्याने एक हरीण वर आणलं. ते कड्याच्या टोकावर अशा जागी उभं राहिलं, की खालून नीट दिसेना. त्याला हुसकायला प्यादा पुढे सरकला. पाय घसरला. त्याने झुडूप धरलं, ते मुळासकट उपटून हातात आलं. तो कड्यावरून खाली कोसळला आणि हाडांचा चुराडा होऊन मेला.

त्याची आई रडत बादशहापुढे आली. बादशहाने तिला पैसे देऊन तिची समजूत घातली. पण त्याचं स्वतःचं मन काही शांत झालं नाही. जणू मृत्यूचा फरिश्ताच त्या प्याद्याच्या रूपाने समोर येऊन गेला, असं मुतमद खान लिहितो. त्यानंतर बादशहाला चैन पडली नाही. राजौरीच्या पुढे वाटेत त्याने नेहमीप्रमाणे मद्याचा पेला मागवला, पण घोट घशाखाली उतरला नाही. हिजरी १०३७ च्या सफर महिन्यात वाटेतच त्याचा अंत झाला. लाहोरजवळ शाहदऱ्याला त्याची कबर आहे.

सतरा वर्षांपूर्वी शिकारीच्या आड आला म्हणून नोकराला ठार करवणारा हाच माणूस. आता शिकारीपायी मेलेल्या प्याद्याने त्याची झोप उडवली. वय, आजारपण, जवळ आलेलं मरण, कारणं काहीही असोत. आयुष्यभर त्याच्या गोळीमागे दुसरेच कोणी धावत होते. त्यातला एक डोळ्यांसमोर पडला तेव्हा कुठे त्याचा हिशेब बादशहाला दिसला. जनावरांचा आकडा काढायला हिशेबनीस होते. हाकाऱ्यांतले किती गेले, याचा आकडा कोणी काढला नव्हता.

आजच्या पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याला हिरन मिनार आहे. जहांगीरने आपल्या मनसराज नावाच्या पाळीव काळविटाच्या आठवणीत, १६०७ च्या सुमारास तो उभारला. कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड ठेवला, लेख कोरवला आणि त्या रानात शिकारबंदी केली. म्हणजे त्या हरणाचं नाव आपल्याला माहीत आहे, कबरही माहीत आहे. बैरामकलाच्या प्याद्याचं नाव इक्बालनाम्यात नाही. तो केवळ 'त्या मुलुखातला एक प्यादा' आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद केली, आणि ते उत्तमच झालं. रेहेकुरीच्या माळावर काळविटं निर्धास्त चरताना बघण्यात जे सुख आहे ते बंदुकीत नाही. मग अदी इब्न हातिमचा प्रश्न आज कोणाच्या उपयोगाचा? मला वाटतं, प्रत्येकाच्या. आपणही रोज काही ना काही सोडत असतो. एखाद्यावर आरोप करतो, एखाद्या वस्तीबद्दलचा संदेश पुढे ढकलतो, व्यासपीठावरून एखादं वाक्य फेकतो. ते कोणाला तरी लागतं. मग आपण फोन खिशात टाकतो आणि जेवायला बसतो. जखमी झालेला कुठे गेला, जगला की मेला, हे बघायला जातात ती दुसरीच माणसं. कड्यावरून घसरतात तीही तीच.

हिदायाची अट साधी आहे. सोडलंस, तर मागे जा. मध्येच बसलास, तर त्या शिकारीवर तुझा हक्क नाही. बादशहाला हे एका नीलगाईच्या मागे चालताना एकदा कळलं होतं. पुन्हा कळायला एका आईला रडत त्याच्यासमोर यावं लागलं. आणि तिने घंटेची साखळी ओढलेली नव्हती.