मुखावरील शस्त्रकर्म आणि भूल

शरीराच्या इतर भागांवर शस्त्र चालवितांना जी अडचण वैद्यास सहसा पडत नाहीं, ती मुखावर शस्त्र चालवितांना हटकून पडते. भुलीची वाफ ज्या नाकातोंडांतून आंत जावयाची, तेंच येथें शस्त्राचें क्षेत्र असतें. पोटावर काम करणाऱ्यास रोग्याच्या तोंडावरील भुलीच्या मुखवट्याची फिकीर नसते. गालावर काम करणाऱ्यास तो मुखवटा म्हणजे वाटेंतला धोंडाच. वयानें सैल पडलेली कातडी ताणून चेहरा पुन्हां टवटवीत करण्याची जी शस्त्रक्रिया आज देशोदेशीं होते, तींत पुष्कळ ठिकाणीं रोग्यास पूर्ण बेशुद्ध न करतां केवळ गुंगी देतात व कापावयाचा भाग तेवढा बधिर करतात. ही रीत वरवर पाहतां अगदीं आधुनिक वाटते. परंतु तिच्या मागें बराच मोठा इतिहास आहे.

मद्याची संवय असलेल्या व वेदना न सोसणाऱ्या रोग्यास शस्त्रकर्मापूर्वीं तीक्ष्ण मद्य पाजावें, म्हणजे मत्त स्थितींत त्यास शस्त्र जाणवत नाहीं, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. गुंगी देऊन कापण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हें यावरून दिसतें. मुखशल्याच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभही महाराष्ट्रांतच होतो. टिपूबरोबरच्या इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेचा कावसजी नांवाचा मराठा बैलहांक्या शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनीं हें कर्म डोळ्यांनीं पाहिलें, आणि त्याची हकीकत १७९४ च्या आक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यानें १८१४ सालीं लंडनांत तोच प्रयोग केला. कावसजीचें नांव इतिहासांत राहिलें. कारागिराचें मात्र त्या हकीकतींत आलेंच नाहीं. या दोन्ही प्रसंगीं ईथर किंवा क्लोरोफॉर्म यांची भूल प्रचारांत यावयाची होती. रोग्याचें धैर्य हीच तेव्हांची मोठी भूल!

१६ आक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टन यानें ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्म आणलें. जगास वाटलें, वेदनेचें राज्य संपलें. परंतु १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगतांच मरण पावली. आणि शस्त्रक्रिया होती पायाच्या बोटाचें नख काढण्याची! क्षुल्लक कामासाठीं संपूर्ण बेशुद्धि पत्करावी काय, हा प्रश्न त्या दिवसापासून शस्त्रवैद्यांच्या मागें लागला.

त्यास पहिलें उत्तर १८८४ सालीं व्हिएन्नांतून मिळालें. कार्ल कोलर यानें कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला. रोगी जागा, आणि डोळ्यावर शस्त्र! परंतु कोकेन हें विषारी व व्यसन लावणारें. त्याचे प्रयोग स्वतःवर करणारा अमेरिकेचा थोर शस्त्रवैद्य हाल्स्टेड त्याच्या पाशांत सांपडला. १९०५ च्या सुमारास जर्मनींत नोवोकेन हें सौम्य औषध प्रचारांत आलें. ब्राउन यानें त्यांत ॲड्रिनलीन मिसळण्याची युक्ति रूढ केली. तिनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी जातें व बधिरता अधिक काळ टिकते. रक्तवाहिन्यांनीं गजबजलेल्या चेहऱ्यास याहून अनुकूल गोष्ट कोणती?

मग पहिलें महायुद्ध आलें. तोफगोळ्यांनीं जबडे व नाकें उडालेल्या सैनिकांसाठीं १९१७ सालीं इंग्लंडांत सिडकप येथें रुग्णालय निघालें व तेथें हॅरॉल्ड गिलीज यानें हजारों चेहरे पुन्हां उभारले. इतक्या दीर्घ कामास केवळ बधिरता पुरेना. युद्ध संपल्यावर तेथें आलेल्या मॅगिल व रोबोथम यांनीं थेट श्वासनलिकेंत रबरी नळी घालून भूल देण्याची रीत सिद्ध केली, आणि मुखवट्याचा धोंडा वाटेंतून दूर झाला. आज जगांतील शस्त्रक्रियागृहांत जी नळी नित्य दिसते, तिच्या विकासाचें मोठें श्रेय या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांस आहे.

मात्र सौंदर्यासाठीं होणाऱ्या शस्त्रक्रियेनें बराच काळ दुसरी वाट धरली. पॅरिसच्या सुझान नोएल या विदुषीनें युद्धांत जखमी चेहऱ्यांवर काम केलें होतें. १९२६ सालीं तिनें सौंदर्यशल्याच्या सामाजिक कार्यावर ग्रंथ लिहिला. वय दिसूं लागल्यामुळें ज्यांची नोकरी जाते त्या स्त्रियांना ही चैन नव्हे, ती उपजीविका आहे, असा तिचा पक्ष होता. लहान छेद व जागची बधिरता यांवर तिचा भर असे, म्हणजे रोगी लवकर आपल्या कामास लागे.

यापुढची पायरी गुंगीची. १९०६ च्या सुमारास फ्रायबुर्ग येथें गाउस यानें प्रसूतींत मॉर्फीन व स्कोपोलमीन देऊन स्त्रियांस वेदनेची आठवण राहूं दिली नाहीं. वेदना व स्मृति या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून ठसलें. १९६३ त डायझेपाम आणि १९८६ त प्रोपोफोल बाजारांत आल्यावर ही गुंगी हवी तेवढी व हवा तेवढा वेळ देतां येऊं लागली.

तिचे फायदे खरे आहेत. घशांत नळी जात नाहीं, मळमळ बहुधा कमी होते, रोगी लवकर घरीं जातो. शिवाय जागें होतांना खोकला येऊन वा रक्तदाब चढून कातडीखालीं रक्त सांचण्याची जी भीति या शस्त्रक्रियेंत असते, ती टाळण्यास पुष्कळ शस्त्रवैद्य या मार्गाचा आश्रय करितात. परंतु गुंगी आणि बेशुद्धि यांच्यामध्यें भिंत नाहीं, उतार आहे. औषध थोडें अधिक झालें कीं रोगी नकळत खालीं घसरतो, आणि तेव्हां त्याचा श्वास राखण्यास नळी नसते. तोंडाजवळ सोडलेल्या प्राणवायूमुळें विजेच्या दाहक शस्त्राची ठिणगी पेट घेते, हाही धोका आहेच. म्हणून शस्त्र धरणाऱ्याहून निराळा, केवळ श्वास व नाडी यांवर डोळा ठेवणारा जाणता मनुष्य दोन्ही रीतींत अवश्य होय.

कावसजीनें वेदना सोसली ती गेलेलें नाक परत मिळावें म्हणून. आजचा रोगी धडधाकट असतो; वेदना त्याच्या वांट्यास फारशी येत नाहीं, पण जोखीम येते, आणि ती तो होऊन पत्करतो. गुंगी हलकी असते म्हणून ती जोखीमही हलकी, असें मात्र समजूं नये. हॅना ग्रीनरच्या मृत्यूनें विचारलेला प्रश्न प्रत्येकानें, शुद्धीवर असतांनाच, स्वतःस विचारावयाचा आहे.