यंत्र उसनें, विद्या कोणाची?

परदेशांतून नवें यंत्र येतें. त्याच्यामागून सरकारी धोरणही येतें. पण त्या यंत्राची विद्या येतेच असें नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयींच्या आपल्या राष्ट्रीय धोरणाकडे पाहतांना हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. इतिहास तोच सांगतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा देशांतच बांधलेला संगणक चालूं झाला. चारच वर्षांनीं तेथें अधिक समर्थ असें अमेरिकन यंत्र आलें. म्हणून पहिला खटाटोप व्यर्थ गेला काय? मुळींच नाहीं. यंत्र जुनें झालें. तें बांधतांना माणसें शिकलीं, तें शिक्षण जुनें झालें नाहीं.

पुढें अमेरिकेनें आपणांस हवा होता तेवढ्या शक्तीचा ‘क्रे’ महासंगणक देण्याचें नाकारलें. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि १९९१ सालीं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. ही कथा आपण अभिमानानें सांगतों, व तें योग्यच आहे. मात्र ‘परम’मधील गणक-चकत्या इंग्लंडांतील होत्या, हें आपण सांगत नाहीं. अनेक लहान चकत्यांना एकजुटीनें राबविण्याची विद्या तेवढी आपली होती. आणि खरी कमाई तीच.

आतां सांप्रतकाळाकडे वळूं. नीति आयोगानें २०१८ सालीं आरोग्य, शेती, शिक्षण इत्यादि क्षेत्रांसाठीं धोरणाचा आराखडा मांडला. मार्च २०२४ मध्यें मंत्रिमंडळानें सुमारें १०,३७२ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. दहा हजारांहून अधिक चकत्यांचें सामर्थ्य संशोधकांस उपलब्ध करून देणें हा तिचा एक भाग. ह्याही चकत्या परकीयच. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें त्यांच्या निर्यातीवर मर्यादा घालणारा नियम जाहीर केला; मे महिन्यांत तो मागें घेतला. नियम गेला, परंतु दोरी कोणाच्या हातीं आहे हें कळून चुकलें.

मग कोणासही नाकारतां न येणारें असें आपल्यापाशीं काय आहे? शिकलेलीं माणसें आणि आपल्या भाषा. २०२२ सालीं सुरू झालेल्या ‘भाषिणी’ उपक्रमानें भाषांतराच्या द्वारें ही दिशा धरली आहे. परंतु मराठींतील ग्रंथ, दप्तरें व बोली नीट जतन करून यंत्रापुढें ठेवण्याचें काम सरकारी ठरावानें होणारें नव्हे. तें विद्यापीठांनीं, ग्रंथालयांनीं आणि आपण वाचकांनींच केलें पाहिजे. चकत्या किती आणल्या हें हिशेबाच्या वहींत दिसेल. त्या उघडून पाहणारे विद्यार्थी किती तयार झाले, यावरूनच पुढील पिढी ह्या धोरणाची किंमत करील.