आग, दारूगोळा आणि कायदा

मुंबईहून पनवेलकडे जाताना लागणारे तळोजा हे जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील एके काळचे भातशेतीचे साधे खेडे होय. आज त्याचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. एक, तेथील औद्योगिक वसाहत, जिच्यात रासायनिक द्रव्यांचे अनेक कारखाने आहेत. आणि दुसरे, तेथील मध्यवर्ती कारागृह. ज्वालाग्राही पदार्थाचे पिंप परवान्याने, ठरावीक अंतर राखून, नोंदवहीत लिहून ठेवावयाचे हा एक कायदा कारखान्यात चालतो. स्फोटक पदार्थ वाईट हेतूने जवळ बाळगला असा ज्याच्यावर आरोप आहे, त्याला बंदोबस्तात ठेवावयाचे हा दुसरा कायदा अशाच तुरुंगाच्या भिंतीशी येऊन थांबतो. या दोन कायद्यांचा जन्म निरनिराळ्या प्रसंगी आणि निरनिराळ्या मनःस्थितीत झाला. एक अपघातातून निघाला, तर दुसरा भीतीतून. हा भेद ध्यानी धरला, म्हणजे आग, दारूगोळा व शस्त्रे यांविषयीच्या कायद्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पुष्कळसा उलगडतो.

या सर्वांचा पाया म्हणजे १८६० साली संमत झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंडसंहिता, म्हणजेच जुन्या बोलीतील पिनल कोड. तिच्यात आगीचे दोन अगदी वेगळे गुन्हे सांगितले होते. एखाद्याने राहते घर, देवालय किंवा माल ठेवावयाची वखार जाणूनबुजून आगीने नष्ट करण्याचा उद्योग केला, तर कलम ४३६ प्रमाणे त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शके. उलटपक्षी, आग किंवा स्फोटक पदार्थ हाताळताना कोणी अशी हयगय केली की तीमुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात यावा, तर कलमे २८५ व २८६ अन्वये जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढेच प्रायश्चित्त होते. दुष्ट हेतू आणि निष्काळजीपणा यांच्या शिक्षेत अंतर असावे, हे न्यायाला धरूनच आहे. ते किती असावे, हा मात्र प्रश्न आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

शस्त्रांचा कायदा याहून निराळ्या वृत्तीचा. १८५७ च्या उठावानंतर प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण सरकारने हाती घेतले आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक वा तलवार बाळगणे हा गुन्हा ठरला. परंतु युरोपियनांना नियमांनी सूट देण्यात आली. शस्त्र किती घातक आहे यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे, याकडेच या कायद्याची दृष्टी होती. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला, यावरून सुशिक्षितांच्या मनात त्याविषयी किती सल होता हे दिसते.

या कायद्याला वर्ष होते न होते तोच पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी व इतर साथीदारांना घेऊन बंड उभारले. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पनवेलजवळील पळस्पे येथे दरोडा घातला. त्याच सुमारास, १३ मेच्या रात्री, पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या पेशवाईतील दोन इमारतींना आगी लागल्या. बंडाच्या त्या दिवसांत संशय कोठे जावा, हे सांगावयास नको. इंग्रजी पत्रांनी आणि अधिकाऱ्यांनी या आगींचा संबंध बंडाशी जोडला आणि शहरातील ब्राह्मणवर्गाकडे बोट दाखविले. पुढे तपासात जे निष्पन्न झाले ते फारच वेगळे होते. सरकारी पुस्तकांच्या कोठाराशी संबंध असलेल्या एका नोकराने आपला अपहार उघडकीस येऊ नये म्हणून हे कृत्य केले होते! राजद्रोहाची आग म्हणून जिचा बोभाटा झाला, ती वस्तुतः हिशेबाच्या वह्यांची आग निघाली. फडके जुलैमध्ये विजापूरकडील देवरनावदगी येथे पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेपेची शिक्षा होऊन फडके एडनला गेले आणि १८८३ साली तेथेच वारले.

आता दारूगोळ्याच्या कायद्याकडे वळू. विलायतेत १८७४ साली लंडनच्या रीजंट कालव्यातून दारू नेणाऱ्या एका नावेचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी स्फोटक पदार्थांचा परवाना, साठा व वाहतूक नियंत्रित करणारा कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आला. तो मुख्यतः कारखानदार, व्यापारी आणि वाहतूकदार यांच्यासाठी होता. कोठार वस्तीपासून किती दूर असावे, पेटीवर काय लिहावे, कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवू नये, असली रूक्ष पण जीवरक्षक व्यवस्था त्यातून व त्याखालील नियमांतून उभी राहिली. तिच्यावर देखरेख करणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय आज नागपुरास आहे.

दुसरीकडे, आयरिश क्रांतिकारक इंग्लंडात सुरुंग उडवीत असता १८८३ साली पार्लमेंटने मोठ्या घाईने एक स्वतंत्र दंडकायदा केला. त्याची हिंदी आवृत्ती निघण्यास पंचवीस वर्षे लागली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी टाकलेला बाँब दुसऱ्याच गाडीवर पडून दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ८ जून रोजी, वरिष्ठ कायदेमंडळाने स्फोटक द्रव्यांचा कायदा आणि वृत्तपत्रांसंबंधीचा कायदा असे दोन्ही एकाच दिवशी संमत केले. या कायद्यात ‘स्फोटक द्रव्य’ या शब्दाची व्याप्ती विलक्षण मोठी आहे. तयार बाँबच काय, तो करण्याचे साहित्य, यंत्र किंवा उपकरणसुद्धा तीत येते. शिवाय संशयास्पद परिस्थितीत असा पदार्थ जवळ सापडला, तर आपला उद्देश कायदेशीर होता हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवरच पडते.

या व्याख्येचा पहिला गाजलेला पडसाद महाराष्ट्रात उमटला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या ९ जूनच्या अंकात ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखात सरकारच्या नव्या दडपशाहीची चिकित्सा केली. २४ जून रोजी त्यांना मुंबईत अटक झाली, आणि पुण्यातील घराच्या झडतीत एक कार्ड सापडले, ज्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती. टिळकांवरील आरोप होता राजद्रोहाचा व जातिद्वेष पसरविल्याचा. स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला नव्हता. तथापि ते कार्ड सरकारपक्षाने न्यायालयात पुढे केलेच. नव्या कायद्यातील व्याख्येची टीकात्मक परीक्षा करावयाची असल्याने ती नावे टिपून ठेवली होती, असा खुलासा टिळकांनी केला. कायद्याची छाननी करण्यासाठी जो ग्रंथ पाहावा लागतो त्याचे नावच संशयाला कारण व्हावे, यापरते त्या काळच्या भीतीचे दुसरे उदाहरण कोणते? २२ जुलै रोजी नऊ ज्यूरांपैकी सातांनी त्यांना दोषी ठरविले व न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

सरकारची नजर अशी कार्डांवर आणि लेखांवर खिळली होती, परंतु मुंबईवर आलेला सर्वांत मोठा स्फोट कोणा कटवाल्याने घडविलेला नव्हता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा व स्फोटके आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी होत्या. या दोन मालांचे सान्निध्य धोक्याचे, हे कोणत्याही वखारवाल्याला कळावे. परंतु युद्धाच्या निकडीपुढे शांततेच्या काळातील निर्बंध सैल झालेले होते. दुपारी कापसाने पेट घेतला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला व त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, आणि आग विझवावयास गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. चौकशीअंती या अनर्थाचे कारण घातपात नव्हे, अपघात असे ठरले.

स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. युरोपियनांचा विशेषाधिकार गेला, आणि शेतकऱ्याचा कोयता किंवा घरातील विळी यांसारखी शेतीची व घरगुती हत्यारे परवान्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९०८ चा कायदा मात्र तसाच राहिला. किंबहुना रायगड जिल्ह्याच्याच किनाऱ्यावर, शेखाडी येथे, १९९३ च्या फेब्रुवारीत चोरून उतरविलेल्या आरडीएक्सचा उपयोग १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटमालिकेत झाला आणि २५७ माणसे प्राणास मुकली, तेव्हा अशा कायद्याची गरज नाही असे म्हणण्यास जागा उरली नाही. २००१ साली तो अधिक कडक करण्यात आला, आणि अत्यंत विध्वंसक द्रव्यांनी जीवघेणा स्फोट घडविल्यास देहान्त शिक्षेचीही तरतूद त्यात झाली. भीतीतून जन्मलेला म्हणून कायदा खोटा ठरत नाही. पण त्याची व्याख्या विस्तृत आणि शिक्षा जबर असल्यामुळे आरोप करणाऱ्याने तितकेच सावध असले पाहिजे, हे पुण्याच्या आगीने आणि टिळकांच्या कार्डाने दाखवून दिलेच आहे.

निष्काळजीपणाच्या कायद्याची प्रगती त्या मानाने मंद झाली. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८९ साली, धोकादायक रसायनांच्या साठ्याविषयी स्वतंत्र नियम झाले; हाही पुन्हा अपघातानेच शिकविलेला धडा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८७ मध्ये आगीसंबंधीच्या व कलम २८८ मध्ये स्फोटक पदार्थांसंबंधीच्या हयगयीचा गुन्हा आहे. दंडाच्या रकमा अनुक्रमे दोन हजार व पाच हजार रुपयांपर्यंत वाढल्या; कैदेची कमाल मर्यादा मात्र १८६० साली होती तीच, सहा महिने, राहिली. हयगयीने माणूस मेला तर निराळे कलम लागते हे खरे. परंतु मृत्यू घडेपर्यंत धोक्याची किंमत एवढीच मानली जाते.

म्हणून तळोज्यासारख्या ठिकाणी, जेथे कारखान्यांच्या आसपास आता दाट वस्ती वाढली आहे, तेथील नागरिकाचे रक्षण खटल्यावर फारसे अवलंबून नाही. ते अवलंबून आहे कोठाराच्या अंतरावर, पिंपावरील खुणेवर, निरीक्षकाच्या भेटीवर आणि परवान्यातील अटी खरोखर पाळल्या जातात की नाही यावर. गोदीतील त्या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला गेला, तेव्हा त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. अशा प्रसंगी तुरुंगाचा धाक उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती आगाऊ केलेली तपासणी.