पाळ कुणाची?

नवेगावबांध म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला मारुती चितमपल्ली आठवतात, पक्षी आठवतात. ‘बांध’ या शब्दाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. गोंदिया जिल्ह्यातील हा तलाव निसर्गदत्त नव्हे. डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळीने बुजवून तो घडवला गेला. परंपरा त्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देते. (माती वाहणाऱ्यांची नावे परंपरेने राखलेली नाहीत.)

इंग्रजी अमदानीत असे तलाव मालगुजारांच्या मालकीचे ठरले. आजही त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, ते ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप. पण त्या काळच्या ‘खासगी’चा अर्थ आजच्यासारखा कुंपणबंद नव्हता. तलाव मालगुजाराचा, तरी धानाला पाणी देण्याची, गुरे पाजण्याची वहिवाट गावाची. ती ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदवलेली असे. पाळीची डागडुजी, गाळ काढणे ही कामेही गावाकडूनच होत. त्यात वेठही होती, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही.

1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. हे न्याय्यच झाले. मात्र मालकी बदलताना पाळीशी असलेले गावाचे नातेही सैल झाले; अनेक तलाव गाळाने उथळ होत गेले.

धानासाठी अडवलेल्या नवेगावबांधच्या पाण्याकडे आज लोक सहलीला येतात. पाळीवरून ते सूर्यास्त पाहतात. ती पाळ आहे, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.